गिफ्टची गोष्ट

गिफ्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चकचकीत कागद आणि लाल फीत येते. स्वीडनमध्ये मात्र जपून! तिथे हाच शब्द ‘यिफ्ट’ असा उच्चारतात आणि त्याचे अर्थ दोन: विवाहित आणि विष. अनुभवी नवरेमंडळींनी लगेच माना डोलावू नयेत. स्वीडिश माणसाने हे चेष्टेने केलेलं नाही.

शब्दाचं मूळ ‘देणे’. मुलगी ‘दिली’, की ती यिफ्ट. आपणही विचारतोच की, ‘थोरलीला कुठे दिली?’ विषाची वाट ग्रीसवरून येते. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजेही देणंच. वैद्याने दिलेली मात्रा, तो डोस. जर्मनांनी त्याच धर्तीवर ‘गिफ्ट’ वापरला. पुढे औषध मागे पडलं आणि विष तेवढं उरलं. जुन्या इंग्रजीत हा शब्द नवरीसाठी मोजलेल्या पैशाला होता. आजचा ‘गिफ्ट’ इंग्रजांना व्हायकिंगांच्या बोलीकडून मिळाला. म्हणजे तोही दिलेलाच!

जर्मनमध्ये हुंड्याला ‘मिटगिफ्ट’ म्हणतात: सोबत दिलेलं. त्यात विष आहे, हे निदान कानाला तरी कळतं. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी आहे. म्हणून आता आपण त्याला नुसतं गिफ्ट म्हणतो.