तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह (एआरडीएस)

दाहामुळे फुप्फुसांतील वायुकोशांत पाझर साचतो आणि रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होतो, ती अवस्था. नातेवाइकांच्या कानावर ती ‘फुप्फुसात पाणी झालंय, व्हेंटिलेटर लावावा लागेल’ अशा शब्दांत येते. एआरडीएस हा स्वतंत्र रोग नाही. अनेक निरनिराळे आजार फुप्फुसांना शेवटी याच अवस्थेला आणून सोडतात. १९६७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील ॲशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिची वेगळी ओळख झाली.

सर्वांत मोठे कारण न्यूमोनिया. त्याखालोखाल रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, उलटी श्वासनलिकेत जाणे, मोठे अपघात आणि स्वादुपिंडाचा दाह. आपल्याकडे पावसाळ्यात यात लेप्टोस्पायरोसिस, फाल्सिपेरम मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस यांची भर पडते. यांतील बहुतेकांवर नेमके औषध आहे. स्क्रब टायफसवर तर डॉक्सिसायक्लिनसारखी स्वस्त गोळी आहे. म्हणून तापाचे मूळ शोधण्यात गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्याला आणि २०२० नंतर कोविडने सगळ्या देशाला ही अवस्था जवळून दाखवली.

श्वास कोंडला म्हणजे प्रत्येक वेळी एआरडीएसच असतो असे नाही. कोकणातील लाल विंचवाच्या दंशानेही फुप्फुसात पाणी भरते, पण त्यामागे हृदयावर आलेला ताण असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचवले. मण्यार चावल्यावर फुप्फुसे धड असतात, श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. अशा रुग्णाला प्रतिविष देऊन वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर तो पूर्ण बरा होऊ शकतो.

एआरडीएसमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, वायुकोश मिटतात आणि फुप्फुस ताठर होते. मिटलेल्या भागातून जाणारे रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे सरकते, त्यामुळे नुसता मास्कचा ऑक्सिजन वाढवून भागत नाही. तीव्रता मोजण्यासाठी धमनीतील ऑक्सिजनच्या दाबाला श्वासातील ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागतात. निरोगी माणसात हा आकडा ४०० च्या वर असतो. २०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार तो ३०० किंवा त्याहून कमी झाला की एआरडीएस आणि १०० किंवा त्याखाली गेला की अतितीव्र.

व्हेंटिलेटर फुप्फुस बरे करत नाही. मूळ आजारावरचे औषध लागू पडेपर्यंत तो वेळ मिळवून देतो. तोच चुकीचा लावला तर इजाही करतो. हवा शिरण्याजोगा भाग आता लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो. त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबला की उरलेसुरले वायुकोशही दुखावतात. २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीत दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर श्वास दिल्यावर मृत्युप्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. हे किलो काट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले असतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला, तो ६० किलोंचा असो वा ९०, साधारण ३७० मिलिलिटरच श्वास दिला जातो.

दुसरा मोठा उपाय रुग्णाला पालथे झोपवण्याचा. एकजण डोक्याशी उभा राहून श्वासनळी घट्ट धरतो, चार-पाच जण एका इशाऱ्यावर अंग वळवतात. छातीखाली आणि कमरेखाली उशा, डोळे पट्टीने बंद, मान एका कुशीला. फुप्फुसाचा पाठीकडचा दबलेला भाग त्यामुळे उघडतो. २०१३ च्या फ्रेंच पुढाकाराने झालेल्या चाचणीत तीव्र रुग्णांना दिवसाचे किमान १६ तास असे ठेवल्यावर २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. याला महागडे यंत्र लागत नाही, प्रशिक्षित आणि पुरेसे हात लागतात. ते नसतील तर अतिदक्षता विभागातली बाकीची सामग्री अपुरीच. सलाइनवर लगाम आणि निवडक रुग्णांत स्टेरॉइड यांचाही उपयोग होतो. रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन भरणारे एक्मो हे मोजक्या केंद्रांतले, अतिशय खर्चिक, शेवटच्या टप्प्याचे साधन आहे.

तरीही ५० देशांच्या पाहणीत (२०१६) अतितीव्र गटातील ४६ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले होते.

वाचलेल्यांची वाट लांब असते. टोरांटो येथील मार्गारेट हेरिज यांनी अशा रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला. फुप्फुसांची क्षमता बहुतेकांत जवळपास पूर्ववत झाली होती. पण सहा मिनिटांत चालता येणारे अंतर अपेक्षेच्या ७६ टक्केच होते. अंथरुणावर झिजलेले स्नायू, भीतीची स्वप्ने, उदासी, विसरभोळेपणा हे महिनोन्महिने टिकतात. घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग उठत का नाही?’ हा आळस नव्हे, आजाराचाच उरलेला भाग आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होते. डिस्चार्ज घेताना नातेवाइकांनी गोळ्यांच्या यादीबरोबर फिजिओथेरपिस्टची वेळ, आहाराचा सल्ला आणि पुढच्या तपासणीची तारीख मागून घ्यावी.