रेव्हरंड टिळकांचा संन्यास

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ही घटना मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात अनेकवार सांगितली गेली आहे. परंतु कविहृदयातील भक्तीचा परिपाक एवढाच तिचा अर्थ बहुधा लावला जातो. वेतन सोडण्याला इतके महत्त्व का यावे, आणि ते सुटले तेव्हा कोणाचे काय सुटले, हे दोन प्रश्न त्यामुळे बाजूस राहतात.

पहिल्या प्रश्नाचे मूळ मिशनच्या व्यवहारात आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. धर्मांतर करणारा मनुष्य घरादारास, भाऊबंदांस आणि पुष्कळदा उपजीविकेसही मुकत असे. त्याला शाळेत, छापखान्यात किंवा उपदेशकाच्या कामावर घेणे हे माणुसकीचे होते व आवश्यकही होते. मात्र यामुळे श्रद्धा आणि भाकरी एकाच हातून मिळू लागली. ‘पोटासाठी बाटला’ हा टोमणा बव्हंशी अन्यायाचा असला, तरी त्याला खोडून काढणारा पुरावा वेतन घेणाऱ्या उपदेशकापाशी नसे. शिवाय ज्या श्रोत्यांसमोर तो उभा राहत असे, त्यांची साधुत्वाची कसोटी ठरलेली होती. कुळांकडील कर्जाची खते इंद्रायणीत बुडविणाऱ्या आणि राजाचा नजराणा परत पाठविणाऱ्या तुकोबांच्या आख्यायिकांवर त्यांचे मन पोसलेले होते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःची भावना होती. ज्याने तो पूल ओलांडला, त्याला महिन्याच्या पगाराचे ओझे जाणवणे अपरिहार्य होते.

येथे शब्दांकडेही पाहिले पाहिजे. मराठी भाषेला ख्रिस्ती वैराग्य सांगण्यासाठी नवी परिभाषा घडवावी लागली नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’तच ओवी आणि तिच्यासोबत येणारी भक्तिमार्गातील शब्दसंपत्ती स्वीकारली होती. तथापि उसन्या शब्दाबरोबर त्याचा अन्वयही येतो. ‘त्याग’ या शब्दाचे कर्म सामान्यतः वस्तू असते: धन, गृह, भोग, पद. ग्रीक शुभवर्तमानात शिष्याने करावयाच्या कृतीसाठी जे क्रियापद आहे, त्याचे कर्म ‘स्वतः’ हे आहे. आणि पेत्राने येशूची ओळख तीन वेळा नाकारली त्या प्रसंगी मत्तयाने त्याच क्रियापदाची योजना केली आहे. म्हणजे मूळ अपेक्षा वस्तू टाकण्याची नसून, पेत्राने येशूला परके केले तसे आपल्या ‘मी’ला परके करण्याची आहे. वस्तूंचा त्याग एका दिवशी पुरा होऊ शकतो. दुसऱ्या कृतीला अशी तारीख देता येत नाही.

टिळकांच्या १९१७ च्या निर्णयात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. मंडळ्यांच्या भिंती आणि विलायती वळण टाळून आपल्या भूमीतील बंधुसंघ उभारावा हा हेतू होता. संन्यास म्हटला तरी गृहस्थाश्रम सुटला नाही, आणि १९१२ पासून सांभाळलेले ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही चालू राहिले. सुटले ते मुख्यत्वे वेतन. हा त्याग लहान नव्हता, कारण त्यामुळे पोटासाठीच्या आक्षेपाचे मूळच उखडले जात होते. परंतु सोडून जाण्याची ओढ टिळकांच्या ठिकाणी ख्रिस्तदर्शनापूर्वीपासून होती हेही विसरता येत नाही. पत्नीला न सांगता घराबाहेर पडणे त्यांच्या आयुष्यात वारंवार घडले, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंना काही वर्षे मुलासह दूर राहावे लागले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंनी दिले आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ पतीच्या औदार्याचे कौतुक करतात आणि त्याच वेळी त्याचा जमाखर्चही मांडतात. घरात असेल ते दुसऱ्याला देऊन टाकणे, कोणालाही हाताला धरून घरी आणणे, उद्याचा विचार न करणे हे टिळकांचे गुण होत. पण जे देऊन टाकले त्याच्यावाचून चूल पेटविणे हे काम दुसऱ्या व्यक्तीचे होते. टिळकांच्या रागीटपणाचेही चित्रण बाई आडपडदा न ठेवता, पण गमतीने करतात. दुष्काळातील निराधार मुले नगरच्या त्यांच्या घरात वाढली. तरुण बालकवी ठोमरे काही काळ तेथे राहिले. त्यांना पुत्रवत माया मिळाली आणि ते हिंदूच राहिले. दातृत्वामागे धर्मांतराची अट नव्हती याचा हा पुरावा दरबाराच्या कितीतरी वर्षे आधीचा आहे, आणि तो स्वयंपाकघरातला आहे.

लक्ष्मीबाईंनीही काही सोडले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या स्त्रीने जातिभेद देवाने केला नाही, माणसांनी केला, असा निर्णय स्वतःच्या विचाराने घेतला आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. तो पतीच्या आग्रहाने झाला नव्हता. बाप्तिस्मा त्यानंतरचा. ज्या ‘स्वतः’ला नाकारावयाचे, तो तिच्या बाबतीत घागर आणि ताट यांच्याशी जखडलेला होता, म्हणून ग्रीक क्रियापदाच्या अधिक जवळ कोण गेले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी संस्था वाढविली, आणि संस्था म्हटली की हिशेब आला. दाते परदेशी असले, तरी दिलेल्याची नोंद राहिली आणि ‘मुक्ती’ टिकली. दरबाराला एवढा अवधीच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि संघ विसकटला. पुढे १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी त्याच्या आदल्या वर्षी नगरास ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला होता. व्हेरिअर एल्विन १९२७ साली हिंदुस्थानात आले ते याच संघात.

टिळकांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. १९०९ च्या सुमारास आरंभिलेल्या त्या काव्याचे दहा अध्यायच पूर्ण झाले होते. शाळेचे रीतसर शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय पतीच्याच ओवीत लिहिले.