शिसं, तांबं आणि गिधाडं

मी हरणाची शिकार करतो म्हटलं की भारतातले नातेवाईक दचकतात. साहजिक आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हाच. इथे कॅलिफोर्नियात परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती करता येते. पण आजचा विषय शिकार नाही, गोळी आहे.

शेकडो वर्षं गोळी शिशाचीच. शिसं जड, मऊ, स्वस्त आणि थोड्या आचेवर वितळणारं. अंगात शिरल्यावर गोळी पसरते, हरीण लवकर मरतं. पण रायफलच्या वेगाने ती फुटतेही. एक्स-रे काढला तर जखमेपासून बरेच लांब बारीक कण दिसतात. हरणाचा कोथळा रानातच टाकून यायची रीत. तो खातात गिधाडं.

इथलं गिधाड म्हणजे कॅलिफोर्निया काँडोर, पंखांचा पसारा नऊ फुटांच्या वर. १९८७ साली रानातला शेवटचा पक्षी पकडला तेव्हा जगात उरले होते फक्त २७. पिंजऱ्यात पैदास करून १९९२पासून पुन्हा सोडायला लागले, तर सोडलेले पक्षी शिशाने मरायला लागले. म्हणून २००७मध्ये काँडोरच्या टापूत शिशाच्या गोळीला बंदी घालणारा कायदा झाला. २०१३च्या कायद्याने ती राज्यभर करायचं ठरलं आणि १ जुलै २०१९पासून ती पूर्ण लागू झाली.

शिकारी मित्र चिडले. आज गोळी, उद्या बंदूक, असं त्यांचं म्हणणं. तांब्याची गोळी महाग, काही जुन्या रायफलींत नेमही नीट बसत नाही. यात तथ्य आहे. शिवाय १९३७च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी खर्च होतो, म्हणजे रानं राखायला पैसा आमचाच. मग गुन्हेगारासारखी वागणूक का? २०१७ साली जानेवारीत केंद्राच्या अभयारण्यांत शिशाविरुद्ध हुकूम निघाला आणि मार्चमध्ये रद्द झाला, तेव्हा बऱ्याच जणांना आनंद झाला तो यामुळेच.

मला मात्र इतिहास वेगळं सांगतो. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकाभर १९९१ साली बंद झाले. बदकांची शिकार आजही चालू आहे. डेन्मार्कने छर्रे १९९६मध्ये आणि रायफलच्या शिशाच्या गोळ्या २०२४मध्ये बंद केल्या. तिथेही हरणाची शिकार थांबलेली नाही.

आपल्याकडची गिधाडं गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने गेली. ते औषध जनावरांसाठी २००६ साली बंद झालं, तोवर बहुतेक आभाळ रिकामं झालं होतं. गुराख्याला गिधाड मारायचं नव्हतं. मलाही नाही.

मी नेम धरतो तो हरणावर. त्याचं मरण माझ्या माथी, ते मी मान्य करतो. ज्याच्यावर नेमच धरला नाही त्याचं मरण कशाला घ्यायचं? आणि तेच मटण घरी पोरांच्या ताटात वाढलं जातं. लहान मुलांना चालेल इतकं शिसं अजून कुठल्याही डॉक्टरला सापडलेलं नाही.

तांब्याच्या गोळीला चार पैसे जास्त पडतात. पडू देत.