किशोर व प्रौढांसाठी बायबल-शिक्षण : परंपरा आणि पद्धती

आपल्या धर्मग्रामांत बालकांचे धर्मशिक्षण वर्ग बहुधा नियमाने भरतात. प्रथम कम्युनियन व दृढीकरण या संस्कारांपर्यंत मुले येत राहतात. त्यानंतर अनेकांचा बायबलशी संबंध रविवारच्या वाचनांपुरताच उरतो. बालपणी पाठ केलेली प्रश्नोत्तरे चुकीची नसतात. परंतु पुढे आयुष्य जे प्रश्न विचारते, त्यांना ती पुरत नाहीत. हिंगोली जिल्ह्यात अवकाळी पावसाने सोयाबीन हातचे गेलेल्या शेतकऱ्याला ईयोबाचा प्रश्न पडतो : निरपराध्याला दुःख का? ईयोबाचा ग्रंथ त्याने कधी ऐकलाच नसेल, तर त्या घडीला देवाशी बोलायला त्याच्याजवळ शब्द नसतात. म्हणूनच प्रौढांचे बायबल-शिक्षण ही हौशी व्यक्तींसाठीची सोय नसून श्रद्धेची गरज आहे.

साष्टीतील प्रश्न

ही गरज मराठी ख्रिस्ती समाजाने चारशे वर्षांपूर्वीच बोलून दाखविली होती. येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टी प्रांतात रविवारी मुलांची ‘दौत्रीन’, म्हणजे धर्मतत्त्वांची शिकवण, चाललेली असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रींना विनंती केली. शिकवण उत्तम आहे. परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हांला तसे काही का देत नाही? असा त्या विनंतीचा आशय होता.

तिचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध झाला आणि 1616 मध्ये रायतूर येथे छापला गेला. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राची कथा आहे. फादर स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तकही लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, 1622 मध्ये प्रसिद्ध झाले. एकच शिक्षक, परंतु वयानुसार दोन साधने! सूत्रे शिकलेल्या प्रौढाला संपूर्ण कथा हवी असते, ती आपल्या भाषेत हवी असते आणि प्रश्न विचारण्याची मुभाही हवी असते.

पवित्र शास्त्रातील आदर्श

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आहे आणि प्रश्नही विचारीत आहे (2:46). प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप इथिओपियाच्या अधिकाऱ्याला प्रथम, वाचलेले समजते काय, असे विचारतो आणि मग त्याच्या रथात बसून उलगडा करतो (8:26-40). अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू दोघा निराश शिष्यांची व्यथा आधी ऐकून घेतो, शास्त्राचा अर्थ नंतर सांगतो (लूक 24). आधी ऐकणे आणि मग सांगणे, हा क्रम शिक्षकाने ध्यानी ठेवावा.

किशोरांसाठी

शाळेत उत्क्रांती शिकणारा विद्यार्थी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाविषयी शंका विचारतो. त्याला गप्प बसविल्यास दोहोंपैकी एक खोटे असा निष्कर्ष तो स्वतःच काढतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई व्हर्बुम’ या 1965 च्या दस्तऐवजाने शास्त्रातील साहित्यप्रकार ओळखण्यास सांगितले आहे. काव्य, इतिहास, दृष्टान्त, पत्र आणि भविष्यवाणी यांचे वाचन एकसारखे होत नाही. हे एवढे समजले तरी अनेक शंकांचे ओझे उतरते. किशोरांना नुसते श्रोते ठेवू नये. दाखला त्यांनीच आपल्या शब्दांत सांगावा, त्याचे नाट्य बसवावे. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला (मत्तय 20) वसमतच्या हळद काढणीच्या मजुरीशी ताडून पाहिला, की वाद रंगतो आणि दाखल्याचा धक्का कळतो.

प्रौढांसाठी

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव हिंगोली जिल्ह्यातच आहे. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचे चरणश: निरूपण होते, दृष्टान्त येतात आणि टाळकरी साथ देतात. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंतही अर्थ पोहोचविणारी ही रीत येथील माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. एका बैठकीत एकच उतारा, त्याचे सावकाश विवरण आणि शेवटी गायन, एवढे तिच्याकडून जरूर घ्यावे.

जेथे धर्मगुरूंचे येणे विरळ असते, तेथे दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रुजविलेली ‘सात पायऱ्यां’ची पद्धत उपयोगी पडते :

1. प्रभूला प्रार्थनेने आमंत्रण देणे.
2. उतारा मोठ्याने वाचणे.
3. मनाला भिडलेले शब्द पुन्हा उच्चारणे.
4. काही वेळ मौन पाळणे.
5. आपला अनुभव सांगणे. येथे कोणी प्रवचन करू नये, वादही घालू नये.
6. समूहाने करावयाचे एखादे काम ठरविणे.
7. उत्स्फूर्त प्रार्थना करणे.

एकाला वाचता आले, तरी बाकी सर्वांना सहभागी होता येते.

नियोजन

उतारे निवडण्यासाठी उपासनेचे त्रिवार्षिक चक्र हाताशी आहेच. ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक ही शुभवर्तमाने प्रामुख्याने वाचली जातात. येत्या रविवारचे शुभवर्तमान आदल्या आठवड्यात समूहाने वाचावे. म्हणजे मिस्सामधील वाचन ओळखीचे होते. अर्थ समजण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’सारखा सोप्या मराठीतील ग्रंथ जवळ ठेवावा. पेरणी, काढणी व हळद शिजविण्याच्या दिवसांत बैठका रात्री, पाऊण तासात आटोपाव्यात. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार ‘देवशब्दाचा रविवार’ म्हणून नेमून दिला. नव्या समूहाच्या प्रारंभासाठी तो योग्य दिवस होय. 2021 मध्ये त्यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला औपचारिक सेवापदाचे स्थान दिले. ही जबाबदारी प्रापंचिकांचीही आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

साष्टीतील त्या गृहस्थाने मागितले म्हणून पाद्रींनी दिले. आपल्या धर्मग्रामातील किशोर व प्रौढ यांनीही संकोच न धरता मागावे. आणि आम्हां धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी, उत्तर देण्याची घाई न करता, त्यांचा प्रश्न आधी पुरता ऐकून घ्यावा.