शीघ्र साहाय्य दले, वसई-विरार परिसरातील

युद्ध, बंडाळी वा नैसर्गिक अरिष्ट उद्भवताच अल्पावधीत रवाना होता यावे म्हणून शस्त्रे, रसद व वाहने यांनिशी सदैव सज्ज ठेवलेल्या सैन्यास शीघ्र तैनाती दल म्हणतात. मालदीवमधील बंडाचा बीमोड करण्यासाठी नोव्हेंबर 1988 मध्ये आग्र्याहून विमानांनी धाडलेल्या 50 व्या पॅराशूट ब्रिगेडच्या तुकड्या हे त्याचे ठळक भारतीय उदाहरण होय. हेच तत्त्व मुलकी आपत्तींत राबविण्यासाठी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये 2006 मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल स्थापन झाले. लोकांच्या तोंडी ‘एनडीआरएफ’ म्हणून रुळलेले हे दल लष्कराचा भाग नसून केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीत आहे. त्याचे जवान केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात, आणि 45 जणांच्या प्रत्येक शोध व बचाव पथकात अभियंते, वीजतंत्री, श्वानपथक व वैद्यकीय कर्मचारी यांचा समावेश असतो. महाराष्ट्राची जबाबदारी वाहणाऱ्या पाचव्या बटालियनचा तळ तळेगाव दाभाड्याजवळ सुदुंबरे येथे आहे.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा चतुःसीमेत वसलेल्या वसई-विरार शहरात डोंगरावरून उतरणारे पाणी सखल मिठागरांकडे धावते व भरतीच्या वेळी तेथेच तुंबते. शिवाय दक्षिणेकडून येणारे लोहमार्ग व महामार्ग खाडी ओलांडूनच आत शिरतात. सुदुंबऱ्याच्या तळावरून बोरघाट उतरून येणाऱ्या कुमकेस त्यामुळे ऐन पुरात विलंब होण्याचा संभव असल्याने पावसाळ्यापूर्वीच मुंबई व किनारी जिल्ह्यांत पथके ठेवण्याची तजवीज केली जाते, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकारी गरजेनुसार त्यांची मागणी करतात.

जुलै 2018 च्या अतिवृष्टीत नालासोपारा-विरार दरम्यान रुळांवर पाणी चढून वडोदरा एक्सप्रेस अडकली, तेव्हा प्रवाशांची सुटका एनडीआरएफने केली. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात मात्र साहाय्य समुद्राच्या बाजूने आले: पालघरच्या किनाऱ्याजवळ भरकटत आलेल्या ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ तराफ्यावरील 137 जणांना तटरक्षक दलाने, नौदलाच्या साहाय्याने, सुखरूप बाहेर काढले. ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेतील विजय नगर येथे रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत चारमजली इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळून 17 जण मृत्युमुखी पडले. तेथे दाट वस्तीमुळे अवजड यंत्रे प्रारंभी आत नेता आली नाहीत, आणि महापालिकेचे अग्निशामक व एनडीआरएफचे जवान यांना ढिगारा हातांनीच उपसावा लागला.

यावरून असे दिसते, की दल किती वेगाने निघते यापेक्षा ते आधी कोठे ठेवले आहे आणि घटनास्थळी पोहोचणारी शेवटची वाट किती रुंद आहे, यांवर त्याची उपयुक्तता अधिक अवलंबून असते. यांपैकी पहिली बाब शासनाच्या तैनातीची, तर दुसरी नगररचनेच्या व बांधकाम परवानग्यांच्या अंमलबजावणीची आहे.