करार दाखवा! परभणीची रेल्वे, निजामाची गॅरंटी आणि आपला पीक विमा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

मागच्या दिवाळीत पुण्याहून घरी येत होतो. सेलू गेलं, मानवत रोड गेलं आणि परभणी तोंडावर आलं असताना गाडी थांबली. समोरच्या बाकावरचे काका म्हणाले, "निजामाच्या काळात गाड्या टायमावर होत्या बघा." मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र राहवेना, शोधत बसलो. तेव्हा कळलं की मनमाड-औरंगाबाद-परभणी ही लाइन नावाला निजामाची होती, चालवत होती ती लंडनमधली एक खासगी कंपनी. आपल्या मराठवाडी भाषेत गुत्तेदार!

म्हणून आजचा विषय हा. सरकारने लोकांचं काम गुत्त्याने दिलं, तर गुत्तेदारावर लक्ष कोण ठेवणार?

पाच टक्के पक्के

सुरुवात मुंबईपासून करू. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे शाळेत आपण सगळे शिकलो. त्याच्या चार वर्षं आधी, १८४९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनी आणि जीआयपी रेल्वे यांच्यात एक करार झाला होता, तो मात्र शाळेत कुणी शिकवत नाही. त्यातली मुख्य अट अशी की रेल्वेत घातलेल्या भांडवलावर दरवर्षी पाच टक्के व्याज मिळेलच. रेल्वेने तेवढं कमावलं तर ठीक. नाही कमावलं तर उरलेले पैसे सरकार देणार, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून आणि करांतून जाणार.

आता गंमत बघा. खर्च कितीही झाला तरी व्याज पक्कं असेल, तर काटकसर कोण करेल? अशा गॅरंटीच्या रेल्वेंचा अंदाज होता मैलामागे सुमारे ८,००० पौंड. प्रत्यक्षात खर्च दुपटीच्या वर गेला. भारत सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर साक्ष देताना स्पष्टच सांगितलं, की पाच टक्के पक्के असल्यावर आपला पैसा हुगळीत बुडवला की विटाचुन्यात घातला, याची गुंतवणूकदाराला काही पडलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, तपासायला कुणीच नव्हतं का? होतं की! सरकारचे कन्सल्टिंग इंजिनिअर होते आणि त्यांच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नव्हता. तरीही १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावरचा एक मोठा पूल चारच वर्षांत, १८६७ मध्ये, कोसळला. चौकशी झाली तेव्हा जीआयपीच्या इतर पुलांचं दगडकामही कच्चं निघालं. म्हणजे सही करणारा माणूस होता, फाइल पण होती. दगडाला हात लावून कुणी बघितलं होतं का, हा प्रश्न मात्र पूल पडल्यावर विचारला गेला.

हैदराबादेत १८८३ साली

आता आपल्या संस्थानात येऊ. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात. वाडी ते हैदराबाद ही लाइन १८७४ मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यात पैसा राज्याचा होता. पुढे रेल्वे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दिशेने वाढवायची योजना निघाली. त्यासाठी लंडनमध्ये कंपनी काढायची आणि तिला निजाम सरकारने वीस वर्षं पाच टक्क्यांची हमी द्यायची, असं ठरलं. तयार असलेली जुनी लाइनही कंपनीकडेच जाणार होती.

वेळ कोणती होती बघा. दिवाण सालारजंग फेब्रुवारी १८८३ मध्ये कॉलऱ्याने गेले. निजाम मीर महबूब अली खान अजून अज्ञान, सोळा वर्षांचे. म्हणजे करारावर मालकाच्या बाजूने बारीक नजर ठेवणारा माणूसच उरला नव्हता.

अशा वेळी शहरातल्या काही शिकलेल्या लोकांनी आवाज उठवला. त्यात पुढे होते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम. अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, एडिंबरोहून विज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले, हैदराबादेत कॉलेज चालवणारे. रेल्वे नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. योजनेच्या अटी लोकांसमोर ठेवा, चर्चा होऊ द्या, मग ठरवा, एवढीच मागणी होती. आजच्या भाषेत सांगायचं तर, करार दाखवा!

उत्तर काय मिळालं? मे १८८३ मध्ये अघोरनाथांना नोकरीवरून निलंबित करून संस्थानाबाहेर घालवलं. सरोजिनी तेव्हा चार वर्षांची होती. पुढे त्यांना परत येऊ दिलं, पण तोवर करार होऊन गेला होता. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनी उभी राहिली. 'गॅरंटीड' हा शब्द थेट नावातच!

घेणारा तोच, विकणारा तोच

याच्या पुढचा किस्सा तर वेब सिरीजला शोभेल. रेल्वेचा व्यवहार लंडनमध्ये जुळवणारे निजामाचे अधिकारी म्हणजे अब्दुल हक, किताब सरदार दिलेर जंग. १८८६ मध्ये राज्यातल्या खाणींचा हक्क एका लंडनच्या कंपनीला मिळाला, तिथेही हेच मध्ये. मग निजाम सरकारने त्या कंपनीचे शेअर घ्यायचे ठरवले. सरकारच्या वतीने खरेदी करणारे हक, आणि विकले गेलेले शेअरही आतून त्यांचेच. १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेने चौकशी समिती नेमली. हकांचं पद गेलं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हे लगेच ओळखीचं वाटलं. माझ्या एका जुन्या नोकरीत आम्ही बाहेरच्या टीमला काम दिलं होतं. काम तपासणारा आणि बिल पास करणारा माणूस एकच होता. दर महिन्याला रिपोर्ट हिरवागार यायचा. लाइव्ह गेल्यावर दोन दिवसांत सगळं झोपलं. कोड लिहिणाऱ्यानेच टेस्ट पास झाली असं सांगायचं नसतं, हा आमच्याकडचा पहिला धडा. हैदराबादने त्याची किंमत १८८८ मध्येच मोजली होती.

छोटी लाइन आली

१८९९ ते १९०१ या काळात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे टप्प्याटप्प्याने सुरू झाली. हीच आपली मीटर गेज, म्हणजे 'छोटी लाइन'. चालवायला त्याच कंपनीकडे. काळ मोठ्या दुष्काळाचा होता, आणि रेल्वेने या भागाचं भलंही केलं, ते मान्य करायला हवं. सेलू, मानवत, परभणीच्या कापसाला मुंबईचा रस्ता मिळाला. गुत्तेदार म्हणजे चोरच, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण तोटा झाला तर रयतेचा आणि निर्णय लंडनच्या बोर्डाचा, अशी ती व्यवस्था होती.

१ एप्रिल १९३० ला निजाम सरकारने अख्खी रेल्वे विकत घेतली. दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, त्याच रेल्वे खात्याने २७ गाड्या आणि १६६ माणसं घेऊन सरकारी बससेवाही सुरू केली. हिशेब आता घरात आला होता.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी गोष्ट झाली. मग पीक विम्याकडे या. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. शेतकरी हप्त्याचा थोडा भाग भरतो, बाकीचा केंद्र आणि राज्य भरतं, आणि विमा उतरवते टेंडरने निवडलेली कंपनी, बऱ्याचदा खासगी. म्हणजे लोकांचं काम, लोकांचा पैसा, आणि गुत्ता.

२०१८ च्या जून-जुलैमध्ये परभणीत सोयाबीनच्या विम्यासाठी शेतकरी कित्येक दिवस कलेक्टर ऑफिससमोर बसले होते. एक मोठा वाद होता तो नुकसान मोजायचं कशावर, महसूल मंडळावर की तालुक्यावर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तालुक्याची सरासरी काढली की एका मंडळात झालेला पाऊस दुसऱ्या मंडळातली कोरडी रानं झाकून टाकतो. एवढ्या एका ओळीवर हजारो घरांची भरपाई अवलंबून असते, आणि ती ओळ करारात लिहिली जात होती तेव्हा शेतकऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

यावर एक उत्तर आपल्या शेजारच्या बीडमधून आलं. २०२० च्या 'बीड पॅटर्न'मध्ये कंपनीच्या नफ्याला मर्यादा घातली. भरपाई कमी द्यावी लागली तर कंपनीने जमा हप्त्यातले जास्तीत जास्त २० टक्के ठेवायचे, बाकी सरकारला परत. भरपाई ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार सरकारचा. पुढे हा साचा राज्यभर आला. १८४९ च्या गॅरंटीत फायद्याला तळ होता, छत नव्हतं. बीडने निदान छत घातलं.

पण छत घालून भागत नाही. भरपाई ठरते पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यांवर. आपल्या मंडळात तो प्रयोग कुणाच्या शेतात झाला, किती किलो भरलं, उंबरठा उत्पादन किती धरलं, हे आपल्यापैकी किती जणांनी बघितलंय? मी तरी या भागाची तयारी करेपर्यंत बघितलं नव्हतं. आजोबांची सोळा एकर, आणि मी पुण्यात बसून दुसऱ्यांचे डॅशबोर्ड बनवतोय!

अघोरनाथांना करार दाखवा म्हटल्याबद्दल घर सोडावं लागलं. आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यायला सरकार बांधलेलं आहे. मी आमच्या मंडळाच्या पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यांसाठी अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी टाकतोय. उत्तर आलं की इथे वाचून दाखवीन, नाही आलं तर तेही सांगेन. तुमच्या मंडळाचा अर्ज तुम्ही टाका.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि गाडी थांबली की शेजारच्या काकांशी बोला. रामराम!