मार्श टिट आणि विलो टिट : एका वर्गीकरणाचा इतिहास

पुरावा हाताशी असणे आणि तो पुरावा म्हणून ओळखला जाणे, या दोन भिन्न गोष्टी होत. ब्रिटनमधील दोन लहान वनपक्ष्यांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

मार्श टिट व विलो टिट या दोहोंचे डोके काळे, गाल पांढुरके व पाठ तपकिरी. लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. लिनियसने १७५८ मध्ये मार्श टिटला शास्त्रीय नाव दिले. १८२७ मध्ये कॉनराड फॉन बाल्डेनस्टाइन याने आल्प्समधील विलो टिटचे वेगळे वर्णन केले. तथापि ब्रिटिश पक्ष्यांत त्याची गणना होण्यास आणखी सुमारे ७० वर्षे जावी लागली. १८९७ मध्ये ऑटो क्लाइनश्मिट व एर्न्स्ट हार्टर्ट या जर्मन पक्षिशास्त्रज्ञांना ब्रिटिश म्युझियममधील मार्श टिटच्या चर्मनमुन्यांतच विलो टिट आढळला. १९०० मध्ये हेलमायर याने ब्रिटिश उपजातीस क्लाइनश्मिटचे नाव दिले.

नमुना संग्रहात होता. त्यावरील चिठ्ठी मात्र चुकीची होती, आणि अभ्यासक नमुन्याऐवजी चिठ्ठीच वाचीत राहिले. वस्तुतः जिवंत पक्ष्यांतील भेद स्पष्ट आहे. मार्श टिटचा आवाज शिंकेसारखा तुटक, तर विलो टिटचा अनुनासिक व लांबट. मार्श टिट तयार ढोलीत घरटे करतो. विलो टिट कुजलेल्या लाकडात स्वतः ढोली कोरतो. मृत चर्मावर मात्र ना आवाज उरतो, ना सवय. नावानेही दिशाभूल केली : ‘मार्श’ म्हणजे दलदल, परंतु हा पक्षी बहुधा कोरड्या पानझडी वनांत राहतो, आणि ओलसर झुडुपांत आढळतो तो विलो टिट.

हा भेद केवळ नामकरणाचा नव्हे. १९७० नंतरच्या अर्धशतकात ब्रिटनमधील विलो टिटची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. दोन्ही पक्षी एकाच नावाखाली मोजले गेले असते, तर हा ऱ्हास दुसऱ्याच्या संख्येत झाकला गेला असता. जे वेगळे ओळखले गेले नाही, त्याचे नाहीसे होणेही नोंदले जात नाही. दप्तरातील कागद त्यावरील शेऱ्यावरून वाचणाऱ्या इतिहाससंशोधकासही हेच लागू पडते.